भाड्याच्या घरातलं ओपन किचन: भिंतीला भोक न पाडता ओटा आणि साठवण कशी वाढवायची?

भाडेकरू_वाकड

नमस्कार मंडळी. पुण्यात वाकडला १ बीएचके भाड्याने घेतला आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही. सल्ला देणं सोपं जावं म्हणून मापं टेपने घेऊन लिहिते आहे.

स्वयंपाकघराचा भाग ८ फूट रुंद (९६ इंच) आणि मागच्या भिंतीपासून हॉलच्या हद्दीपर्यंत साडेसहा फूट (७८ इंच). मागच्या भिंतीला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा: लांबी ६६ इंच, खोली २४ इंच, उंची ३३ इंच. सिंक डाव्या टोकाला, २० इंच. शेगडी उजव्या टोकाला, दोन बर्नरची, २७ इंच. मधे उरतात १९ इंच, आणि त्यावर मिक्सर आणि भांड्यांची टोपली असते. ओट्याच्या उजवीकडे ३० इंचांच्या जागेत फ्रिज आहे, त्याची रुंदी २२ इंच.

ओट्याखाली कडप्प्याचे तीन कप्पे, दारं नाहीत. डावीकडे सिंकचा पाइप, मधे सिलिंडर, उजवीकडचा एकच रिकामा. भिंतीवर एकही कपाट नाही. ७ फुटांवर माळा आहे. डाव्या भिंतीवर हॉलच्या हद्दीजवळ ६ अँपिअरचं एक सॉकेट आहे.

मालकांची अट: टाइल्सना किंवा भिंतीला भोक पाडायचं नाही. करार ११ महिन्यांचा, त्यामुळे जे करू ते उचलून पुढच्या घरी नेता यायला हवं. महिन्याचं वाणसामान म्हणजे १० किलो गहू, ५ किलो तांदूळ, ५ किलो दळलेलं पीठ, डाळी, पोहे, रवा वगैरे. बजेट १५ हजारांपर्यंत. माझी उंची ५ फूट २ इंच.

पोळ्या लाटायला आणि भाजी चिरायला जागा कशी काढू? आणि सिलिंडरसमोर दार लावून तो कप्पा नीट दिसेल असा केला तर चालेल का?

---

पाना_१३

मापं दिलीत हे फार बरं केलंत. नाहीतर इथे निम्मा धागा अंदाज बांधण्यात जातो.

खरेदीच्या आधी ओटा मोकळा करा. तुमच्याकडे जागा कमी आहे हे खरं, पण १९ इंचांवर बसलेली भांड्यांची टोपली ही पहिली अडचण. सिंकवर आडवा उभा राहणारा स्टीलचा भांड्यांचा रॅक मिळतो. पाय सिंकच्या दोन्ही कडांना ओट्यावर टेकतात आणि पाणी थेट सिंकमध्ये गळतं. २० इंचांच्या सिंकला पायांमधलं अंतर २४ ते २६ इंचांचं घ्या. घेण्याआधी नळाची उंची मोजा. नळाची मान खालच्या कप्प्याला अडली तर रॅक पुढे ओढावा लागतो आणि मग तो ओट्याच्या काठावर येतो. सिंकच्या वर खिडकी असेल तर तिचं झडप आत उघडतं का तेही बघा.

आता मुख्य गोष्ट. भाड्याच्या घरात वजन भिंतीवर टांगू नका, जमिनीवर उतरवा. भिंतीला काही चिकटवून मिळणारी जागा दोन-तीन किलोंची असते. तुमच्या गहू-तांदूळ-पिठाचंच वजन २० किलो आहे. त्यामुळे तुम्हाला हवा तो एक दणकट, ओट्याच्या उंचीचा, खाली कप्पे असलेला टेबल. तो स्लॉटेड अँगलचा करा. दुकानाच्या मागच्या खोलीत जे लोखंडी रॅक असतात, तेच सामान. नट-बोल्ट सोडले की सपाट गठ्ठा होतो, टेम्पोत कुठेही सरकतो, आणि पुढच्या घरी पायांची उंची बदलता येते.

जागा अशी: डाव्या भिंतीला एक टोक लावून, हॉलच्या हद्दीवर, ओट्याला समांतर. ७८ मधून ओट्याचे २४ गेले, उरले ५४. टेबलाचा सांगाडा १८ इंचांचा धरला तर मधे ३६ इंच राहतात. एका माणसाला वळायला, खाली वाकून डबा काढायला एवढे लागतातच. ३० च्या खाली गेलात तर वाकल्यावर पाठ ओट्याला लागते. टेबल ४२ इंच लांब ठेवलात तर हॉलमधून आत यायला ५४ इंच मोकळे राहतात आणि फ्रिजचं दार कुठेही अडत नाही. सिंक आणि मधल्या १९ इंचांच्या बरोबर मागे टेबल येतो, म्हणजे भाजी धुतली की नुसतं मागे वळायचं.

सामान:

४ अँगल, प्रत्येकी ३१ इंच (दुकानात कापून मिळतात).
३ पत्रे, ३६ × १८ इंच, १८ गेज, खालून मधोमध पट्टी असलेले.
८ कोपऱ्याच्या तिकोनी प्लेट.
५० नट-बोल्ट, ८ मिमी. हिशोबाने ४० लागतात, पण अडचणीच्या कोपऱ्यात दोन-चार हरवतातच.
४ रबरी बूट.
हॉलच्या बाजूला ६ मिमी प्लायची पाठ, ३६ × २६ इंच.

गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड. दुकानदार २२ गेज दाखवेल, तो फायलींसाठी ठीक आहे. गव्हाचा डबा ठेवला की त्याला पोट येतं.

जोडताना एकही बोल्ट आधी पूर्ण आवळू नका. सगळे हाताने घट्ट करा, सांगाडा उभा करा, मग वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ३६ × १८ ला दोन्ही कर्ण सव्वाचाळीस इंच भरले पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना दाबून सारखे करा आणि मगच १३ च्या पान्याने आवळा. अँगलच्या खाचा लांबट असल्यामुळे बोल्टला आत खेळायला जागा असते. आधी आवळलं की वाकडेपणा तसाच पक्का होतो आणि टेबल जन्मभर डुलतो.

पत्रे जमिनीपासून ५, १८ आणि ३१ इंचांवर लावा. खालचे ५ इंच झाडू-फरशीसाठी. पत्र्याची दुमडलेली कड सव्वा इंच खाली येते, म्हणून कप्पा १३ इंचांचा दिसला तरी डब्याला पावणेबारा इंचच मिळतात. इथे बरेच जण फसतात: डबे आधी घेतात आणि मग ते आत जात नाहीत.

तिकोनी प्लेट ओट्याकडच्या बाजूला चारही कोपऱ्यांत, आणि दोन्ही आखूड बाजूंना वर दोन-दोन. हॉलकडच्या बाजूला प्लायची पाठ ८ बोल्टांनी कसली की तिकडे वेगळी तिरकी पट्टी लागत नाही. लाटताना टेबल हलू न देण्याचं निम्मं काम ती पाठच करते, आणि हॉलमध्ये बसलेल्यांना डबे दिसत नाहीत ते वेगळंच.

---

करवत_आणि_कानस

वरचा सांगाडा अगदी योग्य. टेबलाच्या फळीबद्दल लिहितो, कारण चूक तिथे होते.

फळी ४२ × २४ इंच घ्या. सांगाड्याच्या बाहेर हॉलकडे ६ इंच आणि मोकळ्या टोकाला ६ इंच येऊ द्या, ओट्याकडची बाजू मात्र सांगाड्याशी समपातळीत. म्हणजे मधले ३६ इंच तसेच राहतात. यापेक्षा जास्त बाहेर काढू नका. टोकावर कणीक मळताना जोर द्याल तेव्हा खालचे कप्पे रिकामे असतील तर टेबल उचकटेल. आणि ६ इंचांत गुडघे मावत नाहीत, त्यामुळे हॉलच्या बाजूने स्टूल टाकून जेवायचं टेबल होईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला १० ते १२ इंच बाहेर लागतात आणि मग सांगाडाच वेगळा करावा लागतो.

प्लाय १९ मिमी, ७१० ग्रेडचं, ज्याला दुकानात मरीन म्हणतात. ३०३ चं साधं एमआर प्लाय (जे दमट हवा सहन करतं, पाणी नाही) स्वयंपाकघरात नको. पूर्ण शीट ८ × ४ फुटांची असते, तुम्हाला ४ × २ फुटांचा तुकडा पुरतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जिथे फर्निचरचं काम चालतं तिथे असे तुकडे मिळतात. ४२ इंच कापल्यावर ६ इंचांची पट्टी उरेल. ती उभी चिरून ३ इंचांचा काठ करा आणि भिंतीकडच्या टोकाला उभा लावा. चिरलेलं टोमॅटो आणि ओलं पीठ भिंतीच्या रंगापर्यंत जात नाही. डिपॉझिट कापलं जातं ते अशाच डागांसाठी.

वर १ मिमी सनमायका लावाल तर खालूनही ०.८ मिमीचा लावा. एकाच बाजूने लावलेली फळी दोन पावसाळ्यांत वाटीसारखी वाकते, कारण उघडी बाजू दमट हवा पिते आणि बंद बाजू पीत नाही. आणि चारही कडा बंद करा. पाणी फळीत शिरतं ते वरून नव्हे, कडेतून. २ मिमीची पीव्हीसी पट्टी उत्तम. नाही जमली तर निदान कडांना पॉलिशचे दोन हात.

तयार पार्टिकल बोर्डचे टेबल ऑनलाइन स्वस्त दिसतात. ते अभ्यासाला ठीक. ओल्या हातांच्या कामाला घेऊ नका. एकदा कड फुगली की परत बसत नाही.

फळी सांगाड्याला खालून कसायची. अँगलच्या खाचा मोठ्या असतात म्हणून स्क्रूला वायसर हवाच. स्क्रू १६ मिमी लांब, ८ ठिकाणी. २५ मिमीचे घेतलेत तर टोक सनमायका फोडून वर येईल. अँगलची कापलेली टोकं धारदार असतात, कानस फिरवल्याशिवाय घरात आणू नका.

ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा वर टाकायचा विचार मनात येईल. १८ मिमी ग्रॅनाइटचं याच मापाचं वजन साधारण ३२ किलो होतं, प्लायचं ८ ते ९ किलो. जड टेबल लाटायला सुख देतो, हे खरं. पण ११ महिन्यांनी जिन्यावरून कोण नेणार, आणि टेम्पोत आडवा पडला तर तडकतो. तुमच्यासाठी प्लायच.

उंचीचं एक. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिरण्यासाठी त्याहून ४ इंच कमी, मळण्या-लाटण्यासाठी ६ ते ८ इंच कमी. ५ फूट २ इंचाला कोपर साधारण ३८ ते ३९ इंचांवर येतं. म्हणजे तुमचा ३३ चा ओटा चिरायला ठीक आणि लाटायला किंचित उंच आहे. ३१ इंचांचे पाय, बूट आणि फळी मिळून टेबल ३२ वर येतो, पोळपाट त्यावरच चांगलं चालेल. ओट्याशी एका रेषेत यावा म्हणून इंच वाढवू नका. पोळ्या रोज होतात, खांदे रोज उचलले जातील.

---

फडताळ

एवढं लोखंड कशाला? फ्रिजच्या बाजूला ८ इंच मोकळे आहेत ना. तिथे ६ इंचांची चाकांची अरुंद ट्रॉली सरकवा, तेल आणि मसाले त्यात. उरलेल्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला पडदा, आणि टाइल्सवर चिकटणाऱ्या फळ्या. तीन हजारांत काम होईल.

---

नळी_बदला

फडताळ, तुमच्या तीनही सूचनांना माझा विरोध आहे, आणि कारणं देतो.

फ्रिजची बाजू: आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम होणारी नळी मागे दिसत नाही, ती दोन्ही बाजूंच्या पत्र्यामागे असते. तासभर चालल्यावर बाजूला हात लावला की कळतं. ती जागा ट्रॉलीने भरली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. शिवाय इथे फ्रिजच्या डाव्या अंगाला शेगडी आहे. तेलाची बाटली एका बाजूने बर्नर आणि दुसऱ्या बाजूने तापलेला पत्रा यांच्यात ठेवायची नाही. ८ इंच दोन्हीकडे ४-४ असे वाटून मोकळेच ठेवा. फ्रिजच्या पत्र्यावर चुंबकाचे रॅक लावायचे असतील तर तेही उजव्या बाजूला, आणि हलक्या वस्तूंसाठी. मसाले गरम पत्र्यावर लवकर वास सोडतात.

सिलिंडर: एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो. बंद दार लावलं की तो कप्प्यातच साठतो, वास बाहेर यायला उशीर होतो, आणि दार उघडून कोणी दिवा लावला की संपलं. पडदाही नको, कारण वर शेगडी चालू असताना कापड काही हातांवर असतं. सिलिंडर दिसतो ते दिसू दे. फारच खटकत असेल तर खालून आणि वरून निदान ४-४ इंच उघडं राहील अशी पट्ट्यांची जाळी समोर नुसती टेकवून ठेवा, जी एका हाताने उचलता येईल. रेग्युलेटर बंद करायला काही हलवावं लागता कामा नये.

त्याच कप्प्यात सिलिंडरच्या शेजारी कांदे-बटाट्यांची टोपली, रद्दी, प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या जातात. तेही काढा. १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे ३२ सेंटीमीटर रुंद असतो, कप्पा २० इंचांचा, म्हणजे शेजारी जागा दिसते आणि मोह होतो. ती जागा सिलिंडर बाहेर काढताना लागते. भरलेला सिलिंडर २९-३० किलोंचा असतो, तो तिरका करून काढायचा नाही.

नळी नारंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच हवी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि दोन नळ्या जोडून लांबी वाढवायची नाही. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला, त्याआधी भेग दिसली तर त्याच दिवशी. नव्या टेबलाच्या नादात शेगडी त्यावर नेण्याचा विचार कोणी सुचवेल, तर नाही म्हणा. नळी वाटेत येईल आणि हॉलच्या पंख्याचा वारा ज्योतीवर लागेल. ओपन किचनमध्ये हा प्रश्न एरवीही असतो: पंखा जोरात असला की मंद आचेवरची ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. स्वयंपाक चालू असताना हॉलचा पंखा बंद किंवा अगदी कमी.

---

फडताळ

मान्य. बाजूच्या नळ्यांचं माहीत नव्हतं, सूचना मागे घेतो. पण चिकटणाऱ्या फळ्यांना काय हरकत?

---

पाना_१३

टाइलवर हरकत नाही, वजन आणि तयारी बघून. आधी भांड्यांच्या साबणाने, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. दाबून अर्धा मिनिट धरा आणि २४ तास काहीही अडकवू नका. बहुतेकांची फळी पडते ती लावल्याबरोबर डबे मांडल्यामुळे. शेगडीच्या थेट वर किंवा शेजारच्या दोन फुटांत नको, फोडणीची वाफ कडेने गोंदात शिरते आणि सहा महिन्यांनी मध्यरात्री आवाज येतो. झारे, डाव, चिमटे, मोजायचे चमचे एवढ्यासाठी उत्तम. काचेची बरणी कधीच नाही.

डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटवू नका. गोंद टिकतो, रंगच पापुद्र्यासकट निघतो. टाइलवरून काढताना ओढू नका, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवा.

जमीन ते छत असे दाबून बसणारे खांबही मिळतात. वर पीओपीचं छत असेल तर ते घेऊ नका. पीओपी फुटतं.

---

भाडेकरू_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. सिलिंडरचा कप्पा उघडाच ठेवते. अजून तीन शंका.

१. टेबलाला चाकं लावली तर? पाहुणे आल्यावर बाजूला सरकवता येईल.
२. फरशीला बाल्कनीकडे थोडा उतार आहे. टेबल डगमगेल का?
३. डाव्या भिंतीवरच्या सॉकेटवर मिक्सर आणि इंडक्शन दोन्ही चालवता येईल का?

आणि डब्यांची मापं सांगाल का, म्हणजे एकदाच घेईन.

---

करवत_आणि_कानस

चाकं नकोत. लाटताना जोर पुढे जातो, ब्रेक लावलेलं चाकही रबराच्या दबण्याएवढं हलतं आणि पोळी वाकडी होते. ३ इंची चाक लावलं तर पत्र्यासकट उंची ४ इंच वाढते, म्हणजे पाय कापावे लागतील ते वेगळंच. सरकवायची सोय हवी असेल तर बुटांखाली जाड फेल्टच्या चकत्या ठेवून ढकला, काम झालं की काढा. चाकं हवी तिथे लावा: उजव्या कप्प्यात १६ इंच रुंद, १८ इंच खोल अशी बुटकी ट्रॉली, तिच्यावर कढई, कुकर, परात. ओट्याखालच्या खोल कप्प्यात मागच्या वस्तू हाती लागत नाहीत, हीच खरी अडचण असते. ट्रॉली ओढली की सगळं बाहेर येतं. चार चाकांपैकी पुढच्या दोघांना ब्रेक पुरतात.

उतारासाठी: टेबल जागेवर ठेवा, वर पाणसळ ठेवा, जो पाय खाली जातो त्याच्या रबरी बुटात ८ मिमीचे वायसर टाका. एक वायसर दीड मिमीच्या आसपास असतो. पुठ्ठ्याची घडी घालू नका. फरशी पुसताना ती भिजते आणि महिन्याभरात टेबल पुन्हा डगमगतो. फरशीचा उतार पाण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो, तो राहू द्या आणि टेबलच सरळ करा.

---

नळी_बदला

सॉकेटचं उत्तर हिशोबात आहे. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, ६ च्या सॉकेटवर चालेल. २००० वॅटचं इंडक्शन पावणेनऊ अँपिअर घेतं, ते चालणार नाही. तीन पिनचा छोटा अडॅप्टर लावून १६ ची जाड पिन ६ मध्ये बसवणारी वस्तू मिळते, ती आणूच नका. आधी सॉकेट तपकिरी होतं, मग भिंतीतली वायर तापते, आणि तोवर एमसीबी पडतोच असं नाही, कारण थोड्या जास्त भाराला तो बराच वेळ सहन करतो. इंडक्शन ओट्यावरच्या १६ च्या सॉकेटवर, थेट. फ्रिजला स्वतःचं सॉकेट, मधे एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि ओटा-टेबलामधल्या ३६ इंचांत जमिनीवरून वायर न्यायची नाही.

---

पाना_१३

डब्यांचं गणित. गहू आणि तांदूळ लिटरला साधारण साडेसातशे ते आठशे ग्रॅम बसतात, दळलेलं पीठ साडेपाचशे-सहाशे ग्रॅम. म्हणून १० किलो गव्हाला १३-१४ लिटर, ५ किलो तांदळाला ७ लिटर, आणि ५ किलो पिठाला ९-१० लिटर लागतात. गव्हाचा डबा २५-२६ सेंटीमीटर व्यासाचा आणि २७ उंचीचा असला की पावणेबारा इंचांच्या कप्प्यात बसतो. दुकानात टेप घेऊन जा, झाकणाच्या कडीसकट उंची मोजा. डब्यावर ‘१० किलो’ लिहिलेलं असतं ते कशाचे १० किलो हे दुकानदारालाही सांगता येत नाही. लिटर विचारा.

हे सगळं सर्वांत खालच्या पत्र्यावर. डब्यांसकट २५ किलोंचं वजन तळाशी आलं की टेबल जागचा हलत नाही. मधल्या पत्र्यावर डाळी, रवा, पोहे, साखर. तिथे चौकोनी डबे घ्या. गोल डबा चौकोनी जागेतली पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा वाया घालवतो, आणि ३६ × १८ च्या कप्प्यात ती दोन डाळींएवढी होते. पोहे-कुरमुरे वजनाला काही नाहीत पण जागा खातात, त्यांना माळ्यावर पाठवू नका, रोज लागतात. माळ्यावर सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी पातेली, जादा ताटं. खोक्यावर मार्करने मजकूर समोरच्या बाजूला लिहा, वर नाही. खाली उभं राहून वरची बाजू दिसत नाही.

सिंकवर बसणारी एक फळीही करून घ्या. १९ मिमी, सिंकच्या मापाहून दोन्हीकडे २-२ इंच जास्त, म्हणजे २४ इंच लांब, रुंदी १२. खालून दोन पट्ट्या अशा ठोका की त्या सिंकच्या आत बसतील, मग ती सरकत नाही. पुढून हात जाईल एवढं सिंक उघडं राहील. पण वर भांड्यांचा रॅक असेल तर खालच्या कप्प्यापासून निदान १४ इंच मिळतात का ते बघून मगच. नाहीतर चिरताना हात वर आपटतो.

---

सांध्यातलं_भोक

एक मुद्दा राहिला. मालक पुढे-मागे दोन-चार भोकांना हो म्हणाले, तर ते फोनवरच्या बोलण्यावर सोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतोच. नूतनीकरणाच्या वेळी त्यात एक ओळ घालून घ्या: किती भोकं, कोणत्या भिंतीवर, जाताना बुजवून देणार. तोवर निदान मेसेजवर लेखी होकार, आणि भिंतीचे तारखेसकट फोटो.

भोक टाइलच्या मधोमध नाही, दोन टाइल्सच्या सांध्यात, ६ मिमी. आधी टाइलवर बोटाच्या पेराने वाजवा. बद्द आवाज आला तर मागे पोकळ आहे, ती टाइल तडकणार, ती जागा सोडा. सांधा अरुंद असतो, बिटची कड टाइलला लागतेच, म्हणून टाइलची जाडी पार होईपर्यंत हॅमर मोड बंद. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वरच्या व खालच्या पट्ट्यात कुठेही ड्रिल लावू नका, पाइप आणि वायरी तिथूनच उभ्या गेलेल्या असतात.

नव्या इमारतींत भिंती विटांच्या नसून सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. ओळखायची खूण: पांढरट-राखाडी, मऊ भुकटी पडते आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं. विटेची भुकटी तांबडी असते. सिपोरेक्समध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी नळी) धरत नाही, स्क्रू आवळला की ती जागच्या जागी फिरते. त्यासाठी लांब, फुलणारी नायलॉनची वेगळी गिट्टी मागा आणि ड्रिल हॅमरशिवाय चालवा, नाहीतर भोक स्क्रूच्या दुप्पट होतं. जाताना सांध्याच्या रंगाचं ग्राउट भरून ओल्या स्पंजने पुसलं की जागा शोधूनही सापडत नाही.

---

भाडेकरू_वाकड

यादी लिहून घेतली. शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीत अँगल आणि नट-बोल्ट, आणि मग प्लायचा तुकडा, असा क्रम ठरवला आहे. पायांचे ३१ इंच दुकानातच कापून घेईन. एकच विचारते: प्लायच्या पाठीला बाहेरून सनमायका लावू की बांबूची चटई चालेल? हॉलमधून तीच बाजू दिसते.

---

करवत_आणि_कानस

चटई छान दिसेल, पण तेलकट धूळ तिच्या विणीत बसते आणि ओपन किचनमध्ये ती पुसता येत नाही. सनमायका लावा, भिंतीच्या रंगाचा, मॅट, दोन्ही बाजूंनी ०.८. चटईची हौस असेल तर ती सनमायक्यावर वरच्या कडेला चार चिमट्यांनी टांगा. दर तीन महिन्यांनी काढून कोमट साबणाच्या पाण्याने घासा आणि उन्हात वाळवून परत लावा.